चौथा फ्लास्क

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

एका घरच्या तिघी बहिणी, तिघींना एकच जेवण, तरी एकच उपाशासारखी का वागते? आईने आज भाकरी थापता थापता हे विचारलं.

बहिणी म्हणजे माझ्या बुरश्या. प्रयोगशाळेत त्यांना लांबलचक लॅटिन नावं आहेत. घरी मी थोरली, मधली, धाकटी म्हणते. तिघी एकाच कुळातल्या, तंतूंनी वाढणाऱ्या. थोरली आणि मधली एका मोठ्या संग्रहातून कुपीत बंद होऊन आल्या. धाकटी मीच आणली, मरोदा गावापलीकडे कुजत पडलेल्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगातून. तिघींना साखरेच्या पाण्यात वाढवायचं आणि त्या घडीला कुणाची कोणती जनुकं चालू आहेत, कोणती बंद, ते मोजायचं. जनुकं तिघींकडे जवळजवळ तीच आहेत. कोण कोणतं कधी चालू करते, त्यात फरक. समोर साखर असताना तणीस पचवायची जनुकं बंद असायला हवीत. थोरलीत, मधलीत ती बंद आहेत. धाकटीत चालू.

"म्हनजे पोट भरलं असून बी ते खा-खा करून राहिली?" आई म्हणाली. "कावून करते ते तसं?"

"तेच तर शोधून राहिली ना, आई."

"आमी बुरशी दिसली का लोनचं फेकतो. तू तिले बसवून खाऊ घालून राहिली. वरून तुले पगार!"

बाबा खूप हसले. बाबा स्टील प्लांटच्या रेल्वे यार्डात डबे जोडायच्या-सोडायच्या कामावर, शंटिंगला आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे बाबांना माझं सगळंच मोठं वाटतं. "माह्या खुशबूनं नवी बुरशी शोधली," हे त्यांनी आमच्या वस्तीतल्या, कॅम्प-१मधल्या प्रत्येक पानठेल्यावर सांगून झालंय. आज विहारात ठरलं की १४ एप्रिलला, जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार करायचा. टाळ्या वाजल्या.

६ फेब्रुवारी

रत्नमाला मॅडमनी आज सगळ्यांसमोर सांगितलं की शोधनिबंध मार्चमध्ये पाठवायचा. पहिलं नाव माझं. मॅडम माझ्या मार्गदर्शक. मी मुलाखतीला आले तेव्हा इंग्रजीत अडखळले तर त्या म्हणाल्या होत्या, "मराठीत सांग, मला कळतं." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

त्यांचा मोठेपणा आणखी एकदा दिसला होता. नोव्हेंबरात धाकटीचे चार फ्लास्क केले होते. तिघांत ती जनुकं चालू निघाली, कमीजास्त. चौथ्यात बंद, अगदी थोरलीसारखी. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुझा हात हलला असेल कुठेतरी. तो काढून टाक. तीन पुरेत." माझी चूक इतक्या सहज कुणी पोटात घातली नव्हती.

पुढचं काम आमच्याच लॅबमधली स्नेहलदीदी करणार. धाकटीतलं मुख्य जनुक मोडून पाहायचं. तिच्या पीएचडीची उरलेली दोन वर्षं त्यात जातील. ती सेक्टर १०मध्ये वाढलेली, वडील प्लांटात अधिकारी. माझ्याशी बोलताना ती नेहमी थोडी हसत असते आणि मला त्या हसण्याचा अर्थ लागत नाही.

"काय गं स्टार, तुझी मूळ वही कुठे असते?" आज तिने विचारलं.

"ड्रॉवरमध्ये."

"कुलूप आहे?"

"नाही."

"मग पानांचे फोटो काढून ठेव. आपल्या लॅबमध्ये वह्यांना पाय फुटतात."

मी वही हरवीन, असं तिला म्हणायचं होतं. राग आला. तरी फोटो काढले, तिला बोलायला जागा नको म्हणून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवारी पुंडलिककाका रायपूरहून द्रवरूप नायट्रोजनचा कॅन आणतात. ते आमचे लॅब अटेंडंट, गोंदियाकडचे. कॅन उतरवता उतरवता ते म्हणाले, "खुशबूबाई, तुमच्या हाती कॅन लय टिकते जी. नोव्हेंबरात तुमी झाकन एकदाच उघडलं होतं. बाकीचे लोकं पन्नासदा उघडतात, अर्धं तं हवेतच उडून जाते."

मी हसले. आमच्या घरात कुणी फ्रिज दोनदा उघडला की आई ओरडते. गॅस पेटला की चहा, दूध, अंघोळीचं पाणी एकामागून एक उरकायचं. ते माझ्या अंगात भिनलंय.

संध्याकाळी ऑटोत बसले तरी काकांचं वाक्य डोक्यातून जाईना.

बुरशी फ्लास्कमधून गाळायची, स्वच्छ धुवायची आणि त्याच क्षणी नायट्रोजनमध्ये टाकायची. ती गोठली की तिची जनुकं ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत थांबतात. थोरलीच्या आणि मधलीच्या वेळी स्नेहलदीदी माझ्यासोबत होती. मी गाळायचे, ती टाकायची. धाकटीच्या दिवशी ती सुट्टीवर होती. मी एकटीने चारही गाळल्या, एकेक करून फॉइलमध्ये बांधल्या, टेबलावर ओळीने ठेवल्या आणि शेवटी एकदम टाकल्या. झाकण एकदाच उघडावं लागावं म्हणून.

धाकटीचा गोळा दाट असतो. गाळायला वेळ लागतो. किती लागला होता?

१२ फेब्रुवारी

वहीत आहे. मी वेळ लिहिली होती.

पहिला फ्लास्क गाळून झाला ११.०५. दुसरा ११.२१. तिसरा ११.३६. चौथा ११.५०. सगळे नायट्रोजनमध्ये ११.५२.

म्हणजे पहिली पुडी सत्तेचाळीस मिनिटं टेबलावर होती. साखर धुऊन काढलेली, अंगाला फॉइल गुंडाळलेलं. दुसरी एकतीस. तिसरी सोळा. चौथी दोन.

मग मी चौघांचे आकडे सरासरी न काढता एकाखाली एक लिहिले. पहिल्यात ती जनुकं सर्वांत जोरात. दुसऱ्यात त्याहून कमी. तिसऱ्यात आणखी कमी. चौथ्यात जवळपास नाहीतच. जिन्याच्या पायऱ्यांसारखं उतरत आलंय.

धाकटी खादाड नाही. मी तिच्यापुढचं ताट काढून घेतलं आणि पाऊण तास बसवून ठेवलं. मग तिने जे कुणीही करेल ते केलं.

चौथा फ्लास्क खराब नव्हता. तो एकच बरोबर होता.

१५ फेब्रुवारी

दोन दिवस डबा तसाच परत आणते आहे. आईला सांगितलं, ॲसिडिटी.

मी स्वतःलाच समजावते की चार आकड्यांवरून काय ठरतं. योगायोग असेल. मग डोळे मिटले की ते आकडे उतरत्या क्रमाने दिसतात.

पहिल्या वर्षी जिन्याखाली दोघं बोलत होते, मी वर उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. एक म्हणाला, "कोटे से सीट तो मिल जाती है, हाथ कहाँ से लाएँगे?" कोणाबद्दल ते मी थांबून ऐकलं नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते. प्रत्येक कुपीवर दोन्हीकडून नाव लिहिते. कॅनचं झाकणही मी जपून उघडलं, यांनी पैसे उधळले असं कुणी म्हणू नये म्हणून.

आता बाहेर पॅसेजमध्ये चपलांचा आवाज आला तरी मला वाटतं, कुणाला तरी कळलं.

२१ फेब्रुवारी

आज एकटीने छोटा प्रयोग लावला. थोरलीवर, धाकटीवर नाही. थोरली शहाणी, तिच्याविषयी जगाला सगळं ठाऊक आहे. साखरेत ती जनुकं ती चालू करत नाही, हे पुस्तकांत छापलेलं आहे. तिची एक पुडी लगेच गोठवली. दुसरी फॉइलमध्ये बांधून पंचेचाळीस मिनिटं टेबलावर ठेवली. घड्याळापुढे बसून राहिले. मी प्रार्थना करत नाही, पण मनातल्या मनात थोरलीला म्हणत होते, बाई, तू तरी गप्प राहा.

सगळी जनुकं मोजायला पैसे आणि परवानगी दोन्ही लागतं. दोनच मोजणार. ते लॅबच्या मशीनवर होतं.

२४ फेब्रुवारी

थोरलीनेही चालू केली.

लगेच गोठवलेल्या पुडीत काही नाही. थांबवलेल्या पुडीत दोन्ही जनुकं वर. मी पुन्हा मशीन लावलं. पुन्हा तेच.

तिघी सारख्याच आहेत. माझ्या नावाने जाणाऱ्या निबंधात जो फरक आहे तो बहिणींमधला नाहीच.

स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि तिथेच उभी राहिले. बाहेर आले तर स्नेहलदीदी दारात. "बरं नाही का गं?" तिने विचारलं. "ॲसिडिटी," मी म्हणाले. "तुला काही सांगायचं असेल तर सांग हं," म्हणाली. मला वाटलं, ही माझ्यावर नजर ठेवून आहे.

२७ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं.

सगळं पाठ करून गेले होते, पण आत गेल्यावर आधी रडूच आलं. मॅडमनी पाणी दिलं. मी वही उघडली, वेळा दाखवल्या, थोरलीचा नवा आलेख दाखवला. त्यांनी सगळं पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "खुशबू, तू फार प्रामाणिक आहेस. पण एका फ्लास्कवरून विज्ञान चालत नाही."

"मॅडम, आधीचा चौथा धरला तर..."

"तो आपण काढला आहे. काढायचं ठरलं आहे." मग आवाज मऊ केला. "हे बघ, प्रकल्पाची मुदत मार्चअखेर संपते. निबंध गेला नाही तर पुढची मुदत मिळणार नाही. मग तुझी फेलोशिप मी कुठून देऊ? पुढच्या निबंधात आपण हे नीट तपासू. आत्ता घाबरू नकोस."

मी म्हणाले, "पण चूक माझी आहे, मॅडम."

"म्हणूनच सांगते, कुणाला सांगू नकोस. मी तुझा विचार करते आहे."

निघताना त्यांनी वही ठेवून घेतली. "माझ्या कपाटात सुरक्षित राहील." मला जरा हलकं वाटलं. त्यांना माझी काळजी आहे. पद्धतीचा परिच्छेदही त्या स्वतः लिहिणार आहेत, माझे कष्ट वाचावेत म्हणून.

२ मार्च, रविवार

विहारात मुलांना सूक्ष्मदर्शक दाखवला. रमाई मंडळाच्या सिंधुताईंनी विचारलं, सत्काराला कोणत्या रंगाची साडी नेसणार. मी म्हणाले, बघू.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांना जनुकं कळत नाहीत, पण चूक म्हणजे काय ते यार्डातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ते खाटेवर बसून ऐकत होते. मला वाटलं होतं, ते म्हणतील, खरं सांग, भिऊ नको. लहानपणापासून हेच शिकवलंय त्यांनी.

ते म्हणाले, "चूप राय."

"बाबा?"

"मॅडम म्हनते ना चूप राय, तं चूप राय. तिले तुह्यापेक्षा जास्त समजते."

"पण ते खोटं आहे, बाबा. स्नेहलदीदीची दोन वर्षं जातील त्याच्यात."

"तिचा बाप अफसर हाये. तिचे दोन वर्षं गेले तं तिले तिसरं भेटते. तुले भेटन का?" बाबांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "त्याहीची चूक म्हनजे चूक, बेटा. आपली चूक म्हनजे आपली जात. चाळीस वर्सं पाहून राहिलो मी."

आई मधे पडली. "पोरीले कायले भेव दाखवून राहिले जी?"

"भेव नाई दाखवून राहिलो. जे हाये ते सांगून राहिलो."

बाबा उठून बाहेर गेले. मला त्यांचा राग आला. जयंतीच्या इतक्या भाषणांना मला घेऊन जाणारा माणूस असा कसा बोलतो? ते गेटपाशी उभे राहून चपलेने मातीचा एक खडा मागे-पुढे ढकलत होते, खूप वेळ.

६ मार्च

मॅडमनी मसुदा पाठवला. पद्धतीच्या परिच्छेदात आहे: "सर्व नमुने गाळल्यानंतर तत्काळ गोठवण्यात आले." सर्व. तत्काळ. मी ते वाक्य कितीदा वाचलं असेन. मॅडमना सांगून आठ दिवस झाले. विसरल्या असतील असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, त्या कधी काही विसरत नाहीत. त्यापुढचा विचार मी केला नाही, करवला नाही.

मी केबिनपर्यंत गेले. म्हटलं, वही बघायची होती. त्या म्हणाल्या, "कपाटाची किल्ली घरी राहिली." काल मागितली तेव्हा पण घरीच होती.

निबंधासोबत मूळ आकडे एका सार्वजनिक साठ्यात भरावे लागतात, जगातला कुणीही ते उतरवून घेऊन तपासू शकतो. ते काम माझ्या खात्यावरून करायचं आहे. फॉर्ममध्ये एक रकाना आहे: नमुना घेतल्यापासून गोठवेपर्यंतचा वेळ, मिनिटांत. मॅडम म्हणाल्या, "तो रिकामा ठेव, सक्तीचा नाही. आणि तीनच फ्लास्क भर."

दुपारी स्नेहलदीदीने डबा खाता खाता सांगितलं, तिने दुसरा विषय सोडला. बंगळुरूच्या एका गटाने तिला बोलावलं होतं, तिने नाही कळवलं. "तुझ्या धाकटीच्या भरवशावर," म्हणाली. मी माझ्या डब्याचं झाकण लावलं.

"खुशबू," ती हळूच म्हणाली, "ते फोटो काढलेस ना?"

"हो."

"बरं." आणि ती हसली नाही. मला पहिल्यांदाच कळलं की मी तिच्या हसण्याचा अर्थ चुकीचा लावत होते. किती चुकीचा, ते अजून कळत नाही.

८ मार्च

महिला दिनाचा कार्यक्रम. मॅडमनी भाषणात माझं नाव घेतलं, कॅम्प-१मधून आलेली मुलगी म्हणून. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी हात जोडले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटो काढला जाईपर्यंत ठेवला.

संध्याकाळी हिशेब मांडला, भीतीचा. एक, फेलोशिप जाईल. दोन, मॅडम पुन्हा बोलणार नाहीत आणि इथे कुठे माझ्यासाठी शब्दही टाकणार नाहीत. तीन, जिन्याखालच्या त्या वाक्याला लोक माना डोलावतील. चार, बाबा पानठेल्यावर जायचे बंद होतील. चारही गोष्टी खऱ्या होऊ शकतात. यातली एकही खोडता आली नाही.

मग दुसऱ्या पानावर, सांगितलं नाही तर काय, ते लिहायला घेतलं. तिथे एकच ओळ झाली. स्नेहलदीदी दोन वर्षं धाकटीत अशी गोष्ट शोधत राहील जी तिच्यात नाही आणि रोज माझ्या शेजारी बसून डबा खाईल.

१० मार्च, सोमवार

बाबांची सेकंड शिफ्ट होती, म्हणजे दुपारपर्यंत घरी आराम करायचा. तरी साडेनऊला स्कूटर काढून उभे. "चाल, सोडतो." गेटवर मी उतरले तर ते म्हणाले, "दोन वाजेपर्यंत मी घरीच हाये. काई झालं तं फोन कर." मी म्हणाले, काय होणार आहे? त्यांनी हेल्मेटची काच खाली केली.

मॅडमची केबिन उघडी होती, त्या फोनवर बोलत होत्या. मी माझ्या जागेवर बसले. दोनदा पासवर्ड चुकला.

फॉर्म उघडला. धाकटीचे चारही फ्लास्क भरले. वेळेच्या रकान्यात लिहिलं: ४७, ३१, १६, २. थोरलीच्या आणि मधलीच्या पुढे त्यांचे त्यांचे आकडे. थोरलीचा थांबवलेला प्रयोग वेगळा जोडला. टिपणीच्या जागी तीन वाक्यं लिहिली, साधी: धाकटीचे नमुने मी एकटीने गाळले, नायट्रोजन वाचवण्यासाठी एकत्र गोठवले, त्यामुळे दिसणारा फरक प्रजातींमधला मानता येत नाही. खाली माझं पूर्ण नाव.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. मग वहीच्या पानांचे फोटो जोडून तेच सगळं निबंधाच्या चारही लेखकांना आणि प्रकल्प समितीला मेल केलं. पलीकडच्या टेबलावर स्नेहलदीदीचा फोन वाजला. तिने तो हातात घेतला, वाचायला लागली आणि उभी राहिली.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बसून राहिले असते. केबिनच्या दारात गेले. मॅडमनी फोनवर हात ठेवून मान वर केली.

"मॅडम," मी म्हणाले, "आकडे भरले. चारही भरले. पाठवून झालं."